कॅम्पर व्हॅनमध्ये विजेचा इशारा आला तर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पर व्हॅनमध्ये एक बॅटरी इंजिन चालू करायला असते आणि दुसरी दिवे, पंप, फ्रीज चालवायला. इथे सोयीसाठी पहिलीला गाडीची बॅटरी आणि दुसरीला मागची बॅटरी म्हटलं आहे. इशारा आला की बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात, मग इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर, आणि दिवा तरीही लागलेलाच राहतो. दोष बऱ्याचदा या वस्तूंमध्ये नसतोच. तो त्यांना जोडणाऱ्या वायरीत, थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत), नाहीतर निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टखाली असतो. साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर असेल तर तो सापडतो.

गाडी चालवताना बॅटरीचा लाल दिवा लागला. थांबू की पुढे जाऊ?

आधी तापमानाचा काटा बघा आणि स्टिअरिंग अचानक जड झालंय का ते जाणून घ्या. कित्येक इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात इंजिन तापतं. तशी शंका आली तर जागा बघून लगेच थांबा, इंजिन बंद करा. पुढचा एक किलोमीटरसुद्धा महागात जाऊ शकतो.

तापमान ठीक आहे, स्टिअरिंग हलकं आहे, जळका वास नाही, अशा वेळी गाडी निव्वळ बॅटरीवर चालली आहे असं समजा. एसी, ब्लोअर, काच तापवणारी तार, मोबाइलचे चार्जर बंद करा. फ्रीज १२ व्होल्टवर असेल तर तोही. दोन ५५ वॅटचे हॅलोजन हेडलाइट मिळून ९ अँपियरच्या आसपास घेतात, त्यामुळे रात्री आणि पावसात हाताशी असलेला वेळ बराच कमी होतो. सुरक्षित ठिकाणी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, परत सेल्फ लागेल याची खात्री नसते.

धूर किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर हे सगळं बाजूला ठेवा. गाडी थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा, आणि हात पोचत असेल तर गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

इशारा नेमका कोणत्या बॅटरीचा आहे, हे कसं ओळखायचं?

तो कुठे दिसतोय त्यावरून. डॅशबोर्डवरचा लाल दिवा गाडीच्या चार्जिंगबद्दल बोलतो. बॅटरी खराब आहे असं तो सांगत नाही, अल्टरनेटरकडून वीज येत नाही असं सांगतो. दाराच्या वर किंवा कपाटाशेजारी असलेला कंट्रोल पॅनेल मागच्या बॅटरीबद्दल बोलतो. इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर आणि चार्जर यांचे दिवे आणि बीप वेगळे असतात, त्यांचा अर्थ त्यांच्या पुस्तिकेतच सापडतो.

दिवा कोणत्या रंगाचा होता, स्थिर होता की लुकलुकत होता, त्या वेळी काय काय चालू होतं, हे लगेच लिहून ठेवा. फोटो काढला तर उत्तमच.

मीटरवर कोणते आकडे यायला हवेत?

इंजिन आणि चार्जर बंद करून काही तास झाले की लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम या बंद प्रकारच्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा भरलेली असताना थोडा वर, १२.८ ते १२.९ असतो. पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी १०.५ च्या आसपास येऊन थांबत असेल तर तिचा एक सेल गेलेला असण्याची शक्यता दाट आहे. तिच्यावर आणखी चार्जिंग करत बसू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लावू नका. ती भरलेली असताना १३.३ ते १३.४ दाखवते आणि बराच काळ तिथून फारशी हलत नाही. व्होल्टेजवरून तिच्यात किती शिल्लक आहे हे कळत नाही, त्यासाठी शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी, लावलेला बॅटरी मॉनिटरच हवा.

इंजिन चालू असताना साध्या अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. सतत १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे असं समजून चाला.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: लोड न टाकता घेतलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. शंभर धाग्यांच्या वायरीतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटरला करंट जवळपास लागतच नाही. पंप, हेडलाइट, ब्लोअर, जे असेल ते चालू करा आणि मग मोजा.

इंजिन चालू असूनही १२.४ च दिसतंय. अल्टरनेटर गेला ना?

कदाचित. पण तो काढायच्या आधी ही पाहणी करा, कारण अल्टरनेटर बदलणं खर्चिक असतं आणि पुष्कळदा ते लागत नाही.

सुरुवात पट्ट्यापासून. इंजिन बंद ठेवून पट्टा ताणलेला आहे का, चकाकी आली आहे का, बाजूने धागे निघालेत का, ते बघा. लोड वाढवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय.

मग किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. बॅटरीचा दिवा लागतो का? साध्या अल्टरनेटरमध्ये याच दिव्यातून जाणारा थोडा करंट अल्टरनेटरला जागं करतो. या वेळी दिवा लागतच नसेल तर बल्ब गेला असेल किंवा अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर निसटली असेल. चांगला अल्टरनेटर केवळ एवढ्यामुळे झोपून राहतो.

आता इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. हो, दोन्ही पॉझिटिव्हवरच. जो आकडा दिसेल तो वायरीत हरवलेला व्होल्टेज. ०.३ पर्यंत चालतं. इथे एक-दोन व्होल्ट दिसले तर मधला मुख्य फ्यूज किंवा त्याचा नट बघा. मग एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून तेच करा. इथे ०.२ पेक्षा जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी संशयित. ही पट्टी गाडीखाली चिखलपाण्यात असते. वरून धड दिसते, पण बोल्ट काढला की थिंबलखाली गंजाचा तपकिरी थर असतो. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावायचं नाही.

हे करताना पट्टा, पंखा आणि मीटरच्या वायरी यांच्यात अंतर ठेवा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी नको.

दोन्ही आकडे चांगले आले आणि अल्टरनेटरच्या बोल्टवरच १२.४ असेल, तेव्हा अल्टरनेटरवर बोट ठेवा. मीटर एसी (दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या) व्होल्टवर टाकून बॅटरीवर धरला आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आतला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेल्याचा तो पुरावा आहे.

नव्या गाड्यांत एक फरक पडतो. त्यांचा स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःहून व्होल्टेज १२ च्या घरात आणतो आणि ब्रेक दाबला किंवा गाडी उतारावर असली की १५ च्या जवळ नेतो. अशा गाडीत उभ्या उभ्या दिसलेला १२.४ हा दोष असेलच असं नाही. हेडलाइट लावून, थोडा वेळ चालवून, आकडा वर-खाली होतो का ते बघा.

गाडी दिवसभर चालली तरी मागची बॅटरी चार्ज होत नाही.

दोन बॅटऱ्यांच्या मध्ये काय बसवलं आहे ते आधी शोधा. साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल तर इंजिन चालू झाल्यावर टक असा आवाज यायला हवा. व्होल्टेज बघून जोडणारा रिले असेल तर तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत याचं जमत नाही, सारखा जोड-तोड चालू राहतो. तिथे एका बॅटरीकडून वीज घेऊन दुसरीला योग्य व्होल्टेजने देणारा डीसी-डीसी चार्जरच हवा, आणि त्याला इंजिन चालू आहे हे कळवणारी सिग्नलची वायर नीट पोचायला हवी.

दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांजवळ, फ्यूज असतात. एक सगळ्यांना माहीत असतो. दुसरा सीटखाली किंवा बॅटरीच्या पेटीमागे लपलेला असतो आणि तोच गेलेला निघतो.

फ्यूज धड असूनही चार्जिंग रोडावलेलं असेल तर वायरीची जाडी तपासा. समजा २० अँपियर जायचे आहेत आणि बॅटरी ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन वायर १० मीटर झाली. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत यात जवळपास ०.९ व्होल्ट हरवतात. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला १३.३ मिळताहेत, अशाने लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. १० चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तोटा ०.३५ वर येतो.

बॅटरी भरलेली आहे, तरी केटल लावली की इन्व्हर्टर कमी व्होल्टेजचा इशारा देतो.

१००० वॅटचा लोड १२ व्होल्टवर ८५ ते १०० अँपियर ओढतो. एवढ्या करंटला सांध्यातला किंचितसा ढिलेपणाही सहन होत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरचा अलार्म ११ व्होल्टच्या आसपास वाजतो आणि त्याखाली थोडं गेलं की ते बंद पडतात.

लोड चालू असताना एकाच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १२.४ आणि इन्व्हर्टरवर ११.१ असेल तर चोर वाटेत बसलाय. बॅटरीवरच ११.१ असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा ती या लोडसाठी लहान आहे. लोड बंद केल्यावर हाताचा मागचा भाग थिंबल आणि फ्यूज होल्डरच्या जवळ नेऊन बघा. बाकी वायर गार आणि एकच जागा गरम असेल तर तोच सांधा. तिथे इन्सुलेशनचा रंग गडद झालेला, कडा किंचित वितळलेली दिसते. हातोडीने ठोकून किंवा साध्या पकडीने दाबून बसवलेली थिंबल पुढे असाच त्रास देतात. योग्य क्रिम्पिंग टूलने नवीन थिंबल बसवा.

डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, इंजिन असे पाच-सहा दिवे एकदम लागले. एवढं सगळं एकदम बिघडलं?

क्वचितच. गाडीतले कॉम्प्युटर व्होल्टेज घसरलं की एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. गाडीची बॅटरी, तिची टर्मिनल आणि बॉडीचं अर्थिंग तपासा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर पी०५६२ हा कोड आला तर व्होल्टेज कमी झालं होतं, पी०५६३ आला तर जास्त झालं होतं. यू ने सुरू होणारे कोड म्हणजे संपर्क तुटल्याची नोंद. कोड लिहून घ्या, पुसा, गाडी चालवा, आणि कोणता परत येतो ते बघा. जो परत येतो त्याच्या मागे लागा. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा मात्र परत आला तर तो टाळण्यासारखा नाही.

इशारा येतो आणि जातो. गाडी गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक!

हा सगळ्यांत दमवणारा प्रकार, आणि यात नोंदवहीइतकं कामाचं हत्यार नाही. पाऊस होता का, रस्ता खडबडीत होता का, इंजिन गरम होतं का, दाराची विजेवरची पायरी बाहेर होती का, पंप चालू होता का. काही नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. पावसानंतरच येत असेल तर छतावरच्या केबलची भोकं, मागचे दिवे आणि खिडक्यांच्या कडा बघा, पाणी वायरीवरून ओघळत सॉकेटपर्यंत पोचतं. खड्ड्यातच येत असेल तर सैल सांधा शोधा: लोड चालू ठेवून वायरींचा एकेक जुडगा हलवा आणि दुसऱ्याला मीटरकडे बघत बसायला सांगा.

काचेच्या किंवा पात्याच्या फ्यूजला केसाएवढी चीर असू शकते. नुसत्या डोळ्यांनी तो चांगलाच वाटतो. शंका असेल तर बदलून बघा.

गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही.

काहीतरी गुपचूप वीज खातंय. गाडी बंद करून, दारं लावून, सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास थांबा आणि मग केबलभोवती पकडून करंट मोजणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरने निगेटिव्ह केबलवरचा करंट बघा. सर्वसाधारण गाडीत ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवा. अर्धा अँपियर जात असेल तर दिवसाला १२ अँपियर-तास गेले. एवढ्यावर ७० अँपियर-तासांची बॅटरी चौथ्या दिवशी मान टाकणारच. केबल सोडवून करंटच्या वाटेत मीटर जोडून मोजणार असाल तर तो लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

मग एकेक फ्यूज काढत जा आणि करंट कधी पडतो ते बघा. कॅम्परमध्ये नेहमीचे संशयित म्हणजे नंतर बसवलेला रेडिओ, ट्रॅकर, विजेवरची पायरी, आणि चिकटून बसलेला चार्जिंग रिले.

नवीन बॅटरी टाकली तरी इशारा जात नाही.

निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी दिसते का? तो बॅटरीचा सेन्सर. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करत राहते. शिवाय नंतर जोडलेल्या उपकरणांची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या खांबावर लावली असेल तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि हिशेब बिघडतो. ती वायर बॉडीच्या अर्थ बोल्टवर घ्या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

लिथियम बॅटरी बसवल्यापासून अल्टरनेटर गरम होतो आणि मध्येच इशारा येतो.

लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट घेते, त्यामुळे अल्टरनेटर तासन् तास पूर्ण ताकदीने राबतो. त्यातच बॅटरीच्या आतल्या संरक्षण सर्किटने अचानक तोडलं तर व्होल्टेजची उसळी येते आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये हवाच. कडाक्याच्या थंडीत, ० अंश सेल्सिअसच्या खाली, या बॅटरीने चार्जिंग नाकारलं तर ते तिचं काम आहे. बॅटरी गरम होईपर्यंत थांबा.

बाहेरच्या विजेला जोडलं की आरसीडी पडतो.

हा भाग २३० व्होल्टचा, आणि इथे जीव जातो. आरसीडी म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा सुरक्षा स्विच. तो ३० मिलिअँपियरची गळती दिसली की पडतो आणि पडलाच पाहिजे. त्याला बायपास करणं, टेप लावून धरणं, हे कोणी सुचवलं तर ऐकू नका.

तुम्ही स्वतः करण्यासारखं एवढंच: बाहेरची केबल काढा, तिच्या दोन्ही टोकांत आणि गाडीच्या सॉकेटमध्ये ओल आहे का बघा, पूर्ण वाळू द्या. मग गाडीतली सगळी उपकरणं प्लगमधून काढा. नुसते एमसीबी बंद करून भागत नाही, कारण एका पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही आणि गळती तिथूनही होते. मग एकेक उपकरण जोडत जा. पाणी तापवणारा हीटर आणि फ्रीजचा एलिमेंट यांच्यात ओल शिरलेली बऱ्याचदा सापडते. काहीच जोडलेलं नसताना पडत असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, पेटी उघडू नका.

फ्यूज सारखा जातोय. एक नंबर मोठा टाकू का?

नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर पेटेल, तीही लाकडी फळीच्या मागे.

बॅटरीच्या पेटीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतोय.

लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते आहे. निघणारा वायू विषारी असतो, सोबत हायड्रोजनही असतो. थोड्या वेळाने नाकाला वास जाणवेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं धरू नका. बाहेर पडा, दारं उघडी टाका, चार्जिंगची केबल बाहेरच्या टोकाकडून काढा. आत कोणतंही बटण दाबू नका, ठिणगी नको. बॅटरी फुगली असेल किंवा हाताला चटका बसेल इतकी गरम असेल तर ती गार होईपर्यंत जवळ जाऊ नका.

अशा वेळी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही वाजू शकतो, कारण त्याच्या सेन्सरला हायड्रोजनही लागू पडतो. पण अलार्म वाजला की तो खराच आहे असं धरून बाहेर पडायचं. कारण कोणतं होतं ते मोकळ्या हवेत शोधा.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना काय सांगायचं?

गाडीचं मॉडेल आणि साल, दोन्ही बॅटऱ्यांचा प्रकार आणि वय, मध्ये रिले आहे की डीसी-डीसी चार्जर, सोलर आहे का. इंजिन बंद असताना, चालू असताना आणि लोडवर घेतलेले व्होल्टेज. स्कॅनरचे कोड. इशारा सुरू व्हायच्या आधी काय नवीन बसवलं किंवा दुरुस्त केलं, हे तर नक्की सांगा. मालक बहुतेक वेळा हे सांगायचं विसरतात आणि दोष नेमका तिथेच निघतो. जुने फ्यूज, काढलेली थिंबल फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. जळालेलं थिंबल बघून अनुभवी माणूस अर्धं निदान तिथेच करतो.